पीसीआरचं मुखदर्शन

प्रथम वर्ष विज्ञानाच्या मुलांना ‘जीवशास्त्रातील अद्ययावत संशोधनाची ओळख’ करून देण्याचा मोसम सुरू झाला आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग क्रिस्परवर न संपणाऱ्या स्लाइड्स. हे सगळं माफ. त्यानंतरची ‘प्रयोगशाळा भेट’ मात्र माफ नाही.

प्रयोगशाळा भेट म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन पाहणे. चपला बाहेर काढायच्या, रांगेने आत यायचं. एसीखाली टेबल, टेबलावर मशीन, मशीनवर कव्हर. अटेंडंट मामा कव्हराचं एक टोक उचलतात, मुलं वाकून बघतात, मामा टोक सोडतात. “चला, पुढे चला, मागच्यांना बघू द्या.” पंढरपुरात निदान पदस्पर्शाची वेगळी रांग असते. इथे फक्त मुखदर्शन. “सर, हे चालू कधी करतात?” असं विचारणाऱ्या मुलीला उत्तर मिळतं, “एमएस्सीला गेलीस की कळेल.”

कव्हर मखमलीचं, मरून रंगाचं, कडेला सोनेरी लेस. मशीनवर धूळ बसू नये म्हणून कव्हर आणि कव्हरावर बसू नये म्हणून वर प्लास्टिक. कमिटी येणार असली की प्लास्टिक निघतं आणि लॉगबुक भरलं जातं. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, वर्षभराच्या तारखा. त्यात पंधरा ऑगस्टलाही दोन तास मशीन चाललेलं असतं. खरं तर ते चालतच नाही, कारण डेडस्टॉक रजिस्टरला ज्यांच्या नावावर ते आहे त्यांची निवृत्ती जवळ आलेली असते, आणि बिघडलं तर वसुली आपल्याकडून, या धास्तीने किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली त्यांच्या घरी.

बरं, अद्ययावत म्हणावं तर पीसीआर 1983 सालचं. म्हणजे या मुलांच्या आयांच्या वयाचं. काम म्हणाल तर डीएनए साधारण 95 अंशांना तापवून त्याचे दोन धागे सुटे करायचे, जरा गार करून प्रायमर चिकटवायचे, 72 अंशांवर नवा धागा तयार करायचा, आणि पुन्हा तेच. सगळं सुरळीत झालं तर तीस फेऱ्यांत एका रेणूच्या शंभर कोटींवर प्रती. एवढ्या प्रती काढणारी दुसरी यंत्रणा आपल्याकडे आहेच: प्रॅक्टिकलचं जर्नल. सीनियरवरून ज्युनियर, ज्युनियरवरून त्याचा धाकटा भाऊ. कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशीविभाजनाच्या सगळ्या अवस्था त्या जर्नलात असतात, आमच्या मायक्रोस्कोपखाली त्यातली एकही दिसलेली नसते. पीसीआरमध्ये नवा धागा तयार करणारं टॅक पॉलिमरेज हे विकर अधूनमधून चुका करतं, कारण आपलंच काम तपासून दुरुस्त करायची सोय त्यात नाही. जर्नल तपासणाऱ्यांतही नाही. एका बॅचने लिहिलेलं ‘गुणसुत्र’ पुढच्या सगळ्या बॅचेसमध्ये ऱ्हस्वच राहतं, आणि खाली लाल सही.

हे टॅक ज्या जिवाणूकडून आलं, तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यात सापडला. गरम पाण्याची कुंडं आपल्याकडेही आहेत, वज्रेश्वरीला आहेत, उन्हवऱ्याला आहेत. तिथे कॉलेजची सहल जाते, भेळ खाते आणि ग्रुप फोटो काढून परत येते. अमेरिकेत पहिल्या वर्षाची मुलं साधी माती उकरून त्यातून नवे बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू, वेगळे काढतात, त्यांचा जीनोम वाचतात, त्यांना नावंही देतात. आपल्याकडे मातीची टंचाई आहे का? गटारांची तर नाहीच नाही! आगरच्या बशा, ऑटोक्लेव्ह नसेल तर प्रेशर कुकर, आणि शनिवारी थांबणारा एक मास्तर, एवढ्यावर फाज शोधण्याची सुरुवात होते. पण नाही. पहाटेची एसटी पकडून येणाऱ्या मुलीला बारावीपर्यंत मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवू द्यायचा नाही, तिने हातात मायक्रोपिपेट घेतली की “ठेव, महाग आहे” म्हणून ओरडायचं, आणि मग व्यासपीठावरून विचारायचं की आपल्या मुलांत संशोधनवृत्ती का नाही? लाज वाटत नाही विचारायला? ती होती. तुम्ही तिला चपला काढायला लावून रांगेत उभी केलीत.

विभागप्रमुखांना जाहीर विनंती आहे. प्रायमरच्या एका जोडीला काही शे रुपये पडतात, ते माझ्याकडून घ्या. मशीन बिघडलं तर वसुलीही माझ्या मानधनातून करा, हवं तर स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. या सोमवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना ते चालवू द्या.