रोपकाका

मार्च उजाडला की एडिसनमधला मराठी माणूस फोनवरचं नाव वाचल्याशिवाय फोन उचलत नाही. इन्कमटॅक्सला तो भीत नाही. भीतो तो रोपकाकांना.

न्यू जर्सीत दर दोन-चार गल्ल्यांमागे एक रोपकाका सापडतात. वय साठीपुढचं, जन्म गिरगावच्या चाळीत, आयुष्य कॉम्प्युटरपुढे गेलेलं. वडिलोपार्जित शेती म्हणाल तर गॅलरीत डालड्याच्या डब्यात एक तुळस. अशा माणसाला बॅकयार्डात चार वाफ्यांची जागा मिळाली आणि तीन पिढ्यांची भूक एकदम उसळून आली.

बाहेर बर्फ असतानाच काकांच्या बेसमेंटमध्ये बाळंतिणीची खोली थाटली जाते. खालून शेकायला विजेची चटई, वरून चौदा-पंधरा तास जळणारे दिवे आणि कोपऱ्यात मंद पंखा. हवा खेळती नसली तर कोवळी रोपं बुंध्याशी कुजून एका रात्रीत माना टाकतात. वर्षभर साठवलेले दह्याचे डबे बुडाला भोकं पाडून रांगेत बसलेले, प्रत्येकात नाव लिहिलेली आइस्क्रीमची काडी. आपण खाली उतरायला लागलो की काकू जिन्यातच दबक्या आवाजात सांगतात, "हळू हं, मिरच्या अजून उठायच्यात."

प्रत्येक बीची खोड काकांना पाठ. कारल्याची बी नेलकटरने कडेला जराशी टवकावून रात्रभर भिजत घालायची. धणे लाटण्याखाली रगडून दुभंगायचे, कारण एका धण्याच्या पोटात दोन बिया. झेंडू गेल्या दसऱ्याच्या तोरणातला. फक्त गावठी दोडक्याचं दुःख आहे. भारतातून बी आणायचं तर वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ती पुडी पुण्याला मेहुण्याच्या कपाटात पडून. "मला कंपनीने एच-वन दिला," काका सुस्कारा सोडतात, "दोडक्याला कोण स्पॉन्सर करणार?"

शेजारच्या न्यू ब्रुन्स्विकचं रटगर्स विद्यापीठ हे त्यांचं पंढरपूर. 1934 साली त्या विद्यापीठाने 'रटगर्स' नावाचा टोमॅटो जगाला दिला. मुलीला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा काकांना हुंदका आवरेना. ती अकाउंटिंग शिकायला चालली आहे हे कळल्यावर आवरला.

एवढा जाणता माणूस, पण एका विषयात दरवर्षी नापास. तो विषय म्हणजे विरळणी. एका खळग्यात तीन बिया पेरा, जोमदार रोप ठेवा, बाकीची दोन कात्रीने उडवा, असं सगळे जाणकार सांगतात. काका कात्री घेऊन बसतात. चष्मा पुसतात. रोपाकडे बघतात. मग "आता आलंच आहे बिचारं..." असं म्हणत त्याच कात्रीने आणखी एका डब्याला भोक पाडतात. 72 खळग्यांच्या ट्रेमधून 216 टोमॅटो निघतात. वाफ्यात जागा 24. उरलेली 192 रोपं म्हणजे आम्ही.

मे महिन्याचा दुसरा रविवार, मदर्स डे, उलटला की रात्री दव गोठायची भीती सरते. त्याआधी आठ-दहा दिवस काका ट्रे रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवतात, ऊन-वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. मग मंडळाचा कार्यक्रम येतो. मध्यंतरात बटाटेवड्यापाशी पोहोचायच्या आत आपण काकांच्या डिकीपाशी पोहोचलेलो असतो.

गेल्या वर्षी मला तीन 'ब्रँडीवाइन' टोमॅटो मिळाले. दोन हरणाने खाल्ले. तिसऱ्याला पाणी घालायचं सोडून आम्ही नायगारा बघायला गेलो. काकांचा दर शनिवारी फोन यायचा, "बाळं कशी आहेत?" मी म्हणायचो, "मजेत!" अखेर जूनमध्ये ते म्हणाले, "उद्या बघायलाच येतो."

मी तडक नर्सरीत गेलो. तीन गुडघाभर रोपं आणली, लावली, शेजारी काकांच्याच काड्या खोचल्या. बायको म्हणाली, "जमलं बाई!"

काका आले, वाकले, एक पान बोटांवर उचलून बराच वेळ बघत राहिले. ब्रँडीवाइनचं पान बटाट्यासारखं, सरळ कडांचं असतं. माझ्या रोपांच्या पानांना करवतीसारखे दाते होते.

"छान आहेत," काका म्हणाले. "दत्तक दिसतायत."

पुढे ते काही बोलले नाहीत. चहा घेतला. जाताना एक रोप कलतंय असं त्यांना वाटलं, म्हणून खिशातून सुतळी काढून त्याला काठीशी सैलसर बांधलं आणि पाणी मुळाशी घाल, पानांवर नको, एवढंच सांगून गेले. शरमेने मी त्या टोमॅटोंची अशी सेवा केली की सप्टेंबरात गणपतीला आलेल्या प्रत्येकाच्या हातात प्रसादासोबत पिशवी होती.

यंदा मार्चमध्ये मी नाव वाचूनही फोन उचलला.

"तुझ्यासाठी सहा ठेवलीत," काका म्हणाले.

"सहा? गेल्या वर्षी तीन होती ना?"

"अरे, मला विरळणी जमत नाही. तुझ्याकडे ती आपोआप होते."