ढोल नक्की कुठे वाजतोय? (फक्त नवशिक्यांसाठी)

पुण्यात नवीन आहात, खिडकीतून ढोल ऐकू येतोय आणि तक्रार करायची आहे. उत्तम. पण फोनवर पहिला प्रश्न येतो, "कुठे वाजतोय?" त्याला "तिकडे" हे उत्तर चालत नाही.

साहित्य : एक गच्ची, एक ओला रुमाल आणि रिकामा वेळ. दुपारी एक ते चार यातलं शेवटचं मुबलक मिळतं.

आधी ताशा ऐका. ढोलाची धूमधूम खालच्या पट्टीतली. ती इमारतीला, टेकडीला वळसा घालून येते. ताशाची तडतड वरच्या पट्टीतली. ती भिंतीआड अडकते, लांबवर हवेतच विरते. नुसता ढोल येत असेल तर पथक दूर आहे नाहीतर आडोशाला. ताशाही स्वच्छ येत असेल तर खाली वाकून बघा, तुमच्याच गल्लीत असेल. पथक लांबून दिसत असल्यास अंतरही काढता येतं : आवाजाला किलोमीटरभर यायला साधारण तीन सेकंद लागतात. मात्र वाजवणं रंगात आलं की कोणत्या ठोक्याचा कोणता आवाज हे कळत नाही. म्हणून शेवटच्या ठोक्याची वाट पाहावी. हात थांबलेले दिसतात आणि ढोल वाजतच राहतो, तेवढंच मोजायचं.

आता रुमाल. तो हातात धरून वारा कुठून येतोय ते बघा. जुलै-ऑगस्टात पथकांचे सराव नदीपात्रात चालतात आणि वारा पश्चिमेचा असतो. वारा आवाज उचलून आणतो, ही समजूत सोडा. आवाज ताशी बाराशे किलोमीटरच्या वर धावतो, त्याला वाऱ्याच्या खांद्याची गरज नाही. खरी गंमत अशी की वारा जमिनीलगत मंद आणि वर जोरात असतो. त्यामुळे वाऱ्याबरोबर निघालेला आवाज खाली वाकतो, वाऱ्याविरुद्ध निघालेला वर उचलला जाऊन डोक्यावरून निघून जातो. म्हणून नारायण पेठेला अख्खा कार्यक्रम घरबसल्या मिळतो, आणि तेवढ्याच अंतरावर नदीपलीकडे पश्चिमेला राहणारे म्हणतात, "आम्हाला नाही बुवा त्रास होत." ही वाऱ्याची कृपा आहे, ते तिला वस्तीचे संस्कार समजतात.

टेकडीचं सोपं. वेताळ टेकडी मध्ये आली की पलीकडच्या पाषाणात ताशा पोचत नाही, ढोल थोडाफार पोचतो. माथ्यावर उभे राहिलात तर मध्ये काहीच नसल्याने अर्धं शहर ऐकू येतं.

डिसेंबरात ढोल नसतात, तेव्हा सरावासाठी डेक्कन क्वीन वापरा. ती सव्वासातला पुणे स्टेशनातून सुटते. त्या वेळी गार हवा जमिनीलगत साचलेली आणि वर ऊबदार असते, आवाज खाली वाकतो. शिवाजीनगरचा भोंगा लॉ कॉलेज रस्त्यावर उशाशी वाजल्यासारखा येतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून तोच वर निघून जातो.

ठिकाण सापडलं? मग नियम : निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. पण सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार ध्वनिवर्धकांना रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांसाठी वाऱ्याच्या उलट बाजूला राहणारा एखादा नातेवाईक आत्तापासूनच शोधून ठेवावा.