पहिली ते चौथीला कोडिंग शिकवण्याची रीतसर पद्धत

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातलं औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद, यांपैकी कुठल्याही गावच्या मराठी शाळेत पहिलीपासून कोडिंग सुरू करायचं ठरलं, तर कामाचा क्रम चुकवू नये. आधी फलक रंगवावा, मग देणगीदार गाठावा, मग टॅब घ्यावेत, मग नारळ फोडावा आणि शेवटी टॅब कपाटात ठेवून कुलूप लावावं. मुलांचा नंबर त्यानंतर. काही चिकित्सक मंडळी हा क्रम उलटा करा म्हणतात. मुलांना काय यायला हवं ते आधी ठरवा आणि मग त्याला काय लागतं ते बघा, असा त्यांचा आग्रह असतो. हा मार्ग धोक्याचा आहे. त्या वाटेनं गेल्यास सहा-सात वर्षांच्या मुलासाठी फारसं काही विकत घ्यावंच लागत नाही असं दिसून येतं, आणि ज्या उपक्रमात खरेदी नाही त्याचं उद्घाटन कोण करणार?

दुसरी पायरी वयाची. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं कोडिंगचे उपक्रम माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासून सांगितले आहेत. आपण धोरणाच्या पुढे असावं. त्याच वर्षी ‘व्हाइटहॅट ज्युनियर’ या ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींत कोडिंग शिकलेल्या पोराला कोट्यवधींचं पॅकेज मिळत होतं. ऑक्टोबरमध्ये जाहिरात मानक परिषदेनं त्यातल्या काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या, तरी पालकांच्या मनातलं पॅकेज मागे घेण्याची सोय परिषदेकडे नव्हती. गंमत म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटक सरकारनं बालवाडी ते पाचवीच्या ऑनलाइन वर्गांवर बंदी घातली आणि जुलैत उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. म्हणजे दोन महिन्यांत लहान मुलांसाठी पडदा घातकही ठरला आणि हक्काचाही. या वादात एक प्रश्न मात्र राहून गेला: पडद्यावर मूल करतं काय? दिसेल ते बटण दाबत बसणं आणि यंत्राला काम सांगणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1967मध्ये सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली, तेव्हा त्यांचा सगळा भर या फरकावरच होता. हुकूम मुलानं सोडायचा, पाळायचा यंत्रानं. आपल्याकडच्या बऱ्याच ‘स्मार्ट’ वर्गांत नेमकं उलट चालतं, आणि मुलं शांत बसतात म्हणून त्याला यश म्हणतात.

तिसरी पायरी काय टाळायचं याची. पुढील पाठ चुकूनही घेऊ नये, कारण तो फुकटात होतो. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि ताटलीनं झाकलेला पेला ठेवायचा. बाईंनी यंत्र व्हायचं. सांगितलं तेवढंच करायचं, समजून घ्यायचं नाही. मूल म्हणतं, “बाई, पेल्यात पाणी ओता.” बाई ताटलीवर पाणी ओततात. वर्गात हशा पिकतो. दुसरं मूल सुधारून सांगतं, “आधी ताटली काढा.” बाई ताटली काढतात आणि हातात धरूनच उभ्या राहतात, कारण ठेवा असं कुणी म्हटलेलं नाही. पंधरा मिनिटांत वर्गाला सूचनांचा क्रम कळतो, राहिलेली सूचना कुठं घालायची ते कळतं, आणि “पेला भरेपर्यंत ओता” हे वाक्य सापडलं की आवर्तन आणि अटही कळते. टॅबला हातही लागलेला नसतो. असे प्रकार पसरले तर पुरवठादारांनी जायचं कुठं?

बिदरच्या शाळांना तर याहून मोठा मोह आहे. बिदरी कामाचा, म्हणजे धातूच्या भांड्यावर चांदी जडवण्याचा क्रम मुलांना दाखवला की अल्गोरिदम म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, घासतात, मग मोरचुदानं तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरलेली रेघ नीट दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात, पुन्हा घासतात, आणि सगळ्यात शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर यांनी ते कायमचं काळं होतं. चांदी तेवढी पांढरी राहते. काळं करण्याची पायरी दोनदा येते, पण दोन्ही वेळचं काम वेगळं. शेवटचा काळा रंग आधीच चढवला तर तार बसवल्यानंतरच्या घासण्यात तो निघून जाईल. पायऱ्या त्याच, क्रम बदलला की माल वाया, हे तिसरीतल्या मुलाला चटकन पटतं.

आता आक्षेप. पहिला असा, की हे गरिबांचं समाधान झालं. पुण्या-बंगळुरूची पोरं पडद्यावर शिकणार आणि सीमाभागातली तांब्या-पेल्यावर? पण संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याची ही चळवळ न्यूझीलंडसारख्या संपन्न देशातल्या प्राध्यापकांनी 1990च्या दशकात उभी केली. भारतात एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा ‘सीएसपाठशाला’ उपक्रम 2016पासून याच वाटेनं जातो. कर्नाटकालाही ही रीत परकी नाही. 1995मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर गेलेल्या ‘नली-कली’ पद्धतीत सरकारी शाळेतलं मूल शिकण्याच्या टप्प्यांच्या ‘शिडी’वर आपली पायरी शोधतं, त्या पायरीच्या चिन्हाचं कार्ड काढतं, काम पुरं करतं आणि पुढच्या पायरीवर जातं. सात वर्षांचं पोर रोज प्रोग्राम चालवतं. त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप भाषेचा: कोड इंग्रजीत, मग मराठीतून कसं शिकवणार? पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 2014मध्ये निघालेल्या ‘स्क्रॅच ज्युनियर’च्या ठोकळ्यांवर शब्दच नाहीत, चित्रं आहेत. शिवाय आजीशी मराठी, कंडक्टरशी कन्नड आणि बाजारात दखनी बोलणाऱ्या पोराला, ऐकणारा बदलला की सांगणंही बदलावं लागतं हे केव्हाच ठाऊक असतं. यंत्र हा त्याच्या ओळखीतला आणखी एक ऐकणारा, फक्त अंदाजानं काहीच न समजणारा. तिसरा आक्षेप खरा आहे: कधीतरी यंत्र हाताळावं लागेलच. अवश्य हाताळावं. पण पहिलीसाठी घेतलेला टॅब ते मूल सहावीत जाईपर्यंत जुना झालेला असतो, आणि नेमकं सांगण्याची सवय तोवर नुकती कामाला येऊ लागलेली असते. पैसे एकदाच खर्चायचे असतील तर ते कधी खर्चावेत, याचा हिशेब चौथीचं मूलही करील.

राहिली परीक्षा. ती लेखी घेऊ नये. गुरुजींनी मुद्दाम एक सूचना गाळून काम सांगावं. सगळा वर्ग मुकाट्यानं कामाला लागला, तर वर्षभराचे तास फुकट गेले. एखादीनं हात वर करून “गुरुजी, तुमचं सांगणं अपुरं आहे” असं म्हटलं, तर तिला उद्धट ठरवून खाली बसवू नये. अभ्यासक्रम पुरा झाला असं समजावं.