पट किती, शिक्षक किती?

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥

व्हॅलेंटाइन, नेब्रास्का
८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


बाबा, तुमचं पत्र पोचलं. पत्र कसलं, शाळा तपासणीचा फॉर्मच तो. समास पाडलेला, प्रश्नांना आकडे दिलेले, खाली "माहिती विनाविलंब सादर करावी" अशी तंबी. नातवंडं कशी आहेत हा प्रश्न "शाळेस संरक्षक भिंत आहे काय?" याच्या नंतर आला. आईने कोपऱ्यात पेन्सिलीने "जेवता का नीट?" एवढं लिहिलं म्हणून, नाही तर मी उत्तर जावक क्रमांक टाकूनच पाठवणार होतो. केंद्रप्रमुख निवृत्त होतो, पण त्याची तपासणी चालूच राहते, असं तुमची सून म्हणते. (हे तिने म्हटलं, मी नाही.)

तर पहिला प्रश्न, जिल्हा केवढा. आपला यवतमाळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके सोळा आणि २०११च्या जनगणनेत माणसं २७,७२,३४८. आमची चेरी काउंटी त्याच्याहून मोठी, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरची. लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ५,४५५. चष्मा पुसू नका, पुढचं शून्य राहिलेलं नाही. वणीपासून उमरखेडपर्यंत अख्खा जिल्हा रिकामा करायचा आणि त्यात एका बऱ्यापैकी गावाची माणसं विखरून द्यायची, म्हणजे आमची काउंटी झाली. मधल्या जागेत गवताच्या टेकड्या आणि गायी. गायी माणसांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. आईला सांगा, गोठा नाही, दावं नाही, हिवाळाभर बर्फात उभ्या असतात बिचाऱ्या. त्या पुढे कुठे जातात हे मात्र आईने विचारू नये.

व्हॅलेंटाइन हे काउंटीचं मुख्य ठिकाण. तीन हजारांच्या आतलं गाव, पण थाट आपल्या दारव्ह्यासारखाच: दवाखाना, कोर्ट, बँक, शाळा आणि एका रस्त्यावर सगळा बाजार. त्याहून मोठं काही घ्यायचं तर दक्षिणेला नॉर्थ प्लॅटला जायचं, १३० मैल. म्हणजे चपलेसाठी दारव्ह्याहून नागपूर गाठण्यापेक्षाही लांब. आगगाडी इथेही होती. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नची लाइन, तिच्याच काठाने ही गावं वसली. आपल्या शकुंतला रेल्वेसारखी तीही बंद पडली, फक्त इथल्या लोकांनी रूळ काढून त्या जागी चालायला आणि सायकलला वाट केली. दारव्हा मोतीबाग ते यवतमाळ अशी वाट केली तर, मी हिला म्हटलं. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी कोणीतरी तिच्यावर सोयाबीन वाळत घालेल.

आता शाळा. तुमचा प्रश्न: "जिल्हा परिषद की खाजगी अनुदानित?" यातलं काहीच नाही, बाबा. आपल्याकडे १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्या पदरात पडली. इथे शाळेचा जिल्हा वेगळाच असतो, काउंटीशी त्याचा संबंध नाही. गावातलेच लोक निवडणुकीला उभे राहून शाळेचं मंडळ चालवतात, आणि खर्चाचा मोठा वाटा आसपासच्या जमिनीवरच्या करातून येतो. म्हणजे समजा, आपल्या शाळा व्यवस्थापन समितीला वावरावर कर बसवायचा अधिकार मिळाला. डोळ्यांसमोर आणून बघा. आपल्याकडे समितीची सभा म्हणजे चौथीतलं पोट्टं ठरावबुक घेऊन घरोघर सह्या आणायला फिरतं. कर बसवायचा अधिकार असता तर सभेला मांडव घालावा लागला असता, आणि पोलीस. इथले शेतकरीही सकाळी कॉफी पीत करावर तोंडभरून बोलतात. शाळा पाहिजे, मास्तर पाहिजे, बस पाहिजे, कर तेवढा नको. टपरी बदलली, बाकी तेच.

तुमच्या फॉर्मवर सगळ्यांत जाड अक्षरात आहे ते "पट किती, शिक्षक किती". यावर मी जरा थांबून लिहितो, कारण प्रश्न इथल्या शाळेबद्दल असला तरी तुमच्या मनात आपल्या गावची शाळा आहे, हे मला कळतं.

इथून पश्चिमेला कोडी म्हणून गाव आहे. वस्ती दीडशेच्या आसपास. गावाच्या पाटीवर लिहिलंय, की हे गाव मरणार नाही, इतकं चिवट आहे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला पोड म्हणतात आणि तिथे पाटीसुद्धा नसते. या कोडीची आणि शेजारच्या किलगोरची शाळा एकच. गंमत अशी की घड्याळ बदलायची रेघ आमच्या काउंटीतून जाते: किलगोर एका वेळेत, कोडी तासाभराने मागे. किलगोरहून साडेसातला निघालेलं पोरगं कोडीला पावणेसातला पोचतं. तुमच्या हजेरीपटावर हे कसं लिहिलं असतं, बाबा? निघाल्याच्या आधी पोचलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही खुलासा मागितला असता.

कोडीत किराणा दुकान उरलं नव्हतं. शाळेतल्या पोरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून ते उभं केलं, २०१३ मध्ये उघडलं आणि शाळेच्या मुलांनीच चालवलं. माल मागवणं, हिशेब, गल्ला, सगळं अभ्यासाचा भाग. आपल्या शाळेत बाल आनंद मेळाव्याला पोट्टे भजी विकायचे आणि शेवटचा घाणा गुरुजी लोक उधारीवर संपवायचे, त्याचंच हे बारमाही रूप. दुकानाच्या भिंती काडाच्या गठ्ठ्यांच्या, वरून लिंपलेल्या. त्याचं केवढं कौतुक झालं! आपल्याकडे पऱ्हाटीच्या कुडाला शेण लावून पिढ्या राहिल्या, एकाही वार्ताहराने फोटो काढला नाही.

खेळाचंही तसंच. अमेरिकी फुटबॉलला अकरा जण लागतात. लहान शाळेत अकरा पोरं कुठून आणायची? म्हणून १९३४ साली याच नेब्रास्कात स्टीफन एप्लर नावाच्या मास्तराने सहा जणांचा फुटबॉल काढला, आणि कोडीची शाळा तोच खेळते. आपल्याकडे केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत कबड्डीला सात निघाले नाहीत की शाळाच बाद व्हायची. एप्लर साहेब दारव्हा पंचायत समितीत असते तर चौघांची कबड्डी मंजूर झाली असती. निदान प्रस्ताव तरी गेला असता.

पण हे वाचून ग्रामसभेत "बघा, अमेरिकेत लोक शाळा कशी जपतात" असं भाषण ठोकू नका. इथेही वरून आकडे मोजणारे आहेतच. २००५ मध्ये नेब्रास्काच्या विधिमंडळाने फक्त प्राथमिक वर्ग असलेले छोटे शालेय जिल्हे मोठ्यांत विलीन करायचा कायदा केला. लोकांनी सह्या गोळा करून त्यावर मतदान घ्यायला लावलं आणि २००६च्या नोव्हेंबरात कायदा पाडला. तोवर ते जिल्हे बरखास्त होऊन गेले होते. खटला जिंकला, वावर गेलं. आपल्याकडचं समूह शाळेचं प्रकरण ऐकलं तेव्हा मला हेच आठवलं. २०२३च्या सप्टेंबरात २०च्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करायचं पत्र निघालं, तेव्हा राज्यात अशा शाळा चौदा-पंधरा हजार होत्या. आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे नियम म्हणतात, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. एक हात शाळा घराजवळ आणतो, दुसरा तिला ट्रकमध्ये भरतो. घाटंजी-झरीकडच्या कोलामपोडावरचं सहा वर्षांचं लेकरू, ज्याला घरी कोलामी आणि शाळेत मराठी पेलायची, ते दूरच्या समूह शाळेत बसने रोज जाईल हे कागदावरच शक्य आहे.

तरी एक बोलू का? रागावू नका. आपल्या गावचा पट मंत्रालयाने कमी केलेला नाही. मागच्या खेपेला मी सकाळी नाल्याच्या पुलावर उभा होतो. दारव्ह्याहून मास्तर मोटारसायकलवर गावात येत होते आणि गावातली पोट्टी व्हॅनमध्ये कोंबून दारव्ह्याच्या कॉन्व्हेंटला चालली होती. दोघांनी एकमेकांना हात केला. टाय कानाखाली सरकलेले, दप्तरं खिडकीबाहेर, आणि व्हॅनचा महिना भरायला बाप कापूस निघायच्या आधीच उसनवारीत. कोडीचे लोक आपल्यापेक्षा गावावर जास्त माया करतात असं मला वाटत नाही. त्यांना पळून जायला एवढ्या जवळ दारव्हा नाही, इतकंच. डॉक्टरचं, गुराख्याचं आणि बँकवाल्याचं पोरगं एका बाकावर बसतं, म्हणून छत गळलं की तिघांचेही बाप सभेत ओरडतात. आपल्याकडे ज्यांचा आवाज चालतो त्यांची लेकरं व्हॅनमध्ये. तुम्ही मात्र मला तुमच्याच वर्गात बसवलं आणि एकाच चुकीसाठी शाळेत मास्तर म्हणून आणि घरी बाप म्हणून असं दोनदा बडवलं. तेव्हा मला कॉन्व्हेंट फार आवडलं असतं.

हजेरी कधी पडते, हाही तुमचा प्रश्न. आपल्याकडे वेचणीत पडते, आणि पुसद-महागावकडे ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की लेकरं आईबापामागे जातात. इथे वसंतात वासरांना डाग द्यायचा हंगाम असतो, तेव्हा रँचवरच्या पोरांना घरी काम असतं. शिवाय इथे चौदा वर्षांच्या पोराला शाळेत जाण्यापुरता गाडी चालवायचा परवाना मिळतो. थोरलीला अजून वेळ आहे, पण तिने आतापासून वर्षं मोजायला घेतली आहेत. आई, घाबरू नको. आपला शेजारचा पक्या बाराव्या वर्षी ट्रॅक्टर चालवायचा, तोही विनापरवाना आणि गाणी लावून.

आणि हो, आई, जेवतात. शाळेत दुपारचं जेवण आहे. पिझ्झा, मक्याचे दाणे आणि चॉकलेटचं दूध. धाकट्याला मी सांगितलं की १९९५च्या १५ ऑगस्टला पोषण आहार सुरू झाला तेव्हा आम्हाला शिजवलेलं नव्हे, महिन्याला तीन किलो कच्चा तांदूळ मिळायचा, आणि मास्तरचं पोरगं म्हणून आजोबा माझं माप सगळ्यांत शेवटी घालायचे, नेमकं तेव्हाच पोतं तळाला लागायचं. तो म्हणाला, मग आजोबांची तक्रार कोणाकडे करायची असते? मी त्याला गटशिक्षणाधिकारी हा शब्द शिकवला. अजून ग आणि ट वर अडकतो. खिचडी मात्र घरी रविवारी होते. सांबार बाजारात मिळत नाही, म्हणून ही खिडकीत धने पेरते. उगवतात तेवढ्यात भागतं.

शेवटचं, तुमच्या मुद्द्याचं. २०२३च्या जुलैत शासनाने निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर सत्तरीपर्यंत घ्यायचं ठरवलं होतं, ते तुम्ही माझ्यापासून लपवलंत, पण आईने फोनवर सांगितलं. तुम्ही सहासष्ट वर्षांचे आहात आणि गुडघा ऐकत नाही. तरी पुन्हा अशी संधी आली तर जा. माझी एकच अट आहे: आधी पुलावर उभं राहून ती व्हॅन अडवा. पाच पोट्टे जरी खाली उतरवले तरी कबड्डी जमते, दोघं दुसऱ्या पोडावरून आणता येतील.

सौ.चा आणि मुलांचा नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
बाळू

ता. क. गावाच्या नावामुळे फेब्रुवारीत जगभरचे लोक इथल्या पोस्टाचा खास शिक्का मारून घ्यायला पाकिटं पाठवतात. धाकट्याने हट्टाने तुमच्या पाकिटावरही तोच मारून घेतला आहे. त्यावर मोठा बदाम आहे. पोस्टमन हे पाकीट चावडीवर सगळ्यांना दाखवून मगच घरी आणेल हे नक्की, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा.