पंख्याची नोंद आहे, देवाची नाही

पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. आख्यायिका सांगते की, चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायनाच सुचेना, म्हणून त्याने कागद कोराच धाडला. उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. तेव्हापासून आपला पक्का समज झाला आहे की, कागद कोरा असला तरी पलीकडचा समजून घेतो.

युनेस्को मात्र ज्ञानेश्वर नव्हे.

सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा 1970 चा करार भारताने 1977 मध्ये स्वीकारला. देवळातून चोरलेली मूर्ती दुसऱ्या सदस्य देशाने आत येऊ देऊ नये, मागितली तर परत करावी, असे तो म्हणतो. पण अट अशी की, ती मूर्ती त्या देवळाच्या यादीत नोंदलेली हवी.

आता आपण नोंदी ठेवत नाही, असे कोण म्हणेल? कुठल्याही देवळात जा. फरशी कोणी दिली, सभामंडपाचे उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले, सारे संगमरवरावर कोरलेले. पंख्याच्या तर तिन्ही पात्यांवर देणगीदाराचे नाव. देवाची उंची, दगड आणि हातातली आयुधे मात्र फक्त गुरवाला ठाऊक. उद्या तो पंखा लंडनच्या लिलावात निघाला, तर आपण तासाभरात सोडवून आणू. मूर्ती निघाली, तर मोर्चा काढू.

त्यात हा करार मागे वळून पाहत नाही. इंग्रजी अमलात गेलेल्या वस्तूंना तो लागूच नाही. रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने 2025 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 47 लाख रुपये मोजून घेतली. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे 2024 मध्ये साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या बोलीवर. एक विकत, दुसरी उसनी. जे गेले त्याचा भाव हा असा. जे उरले आहे, त्याची निदान यादी तरी करा.

पुणतांबेकरांनो, 1 जून 2017 पासून शेतकरी संप पुकारून तुम्ही मंत्रालयाला घाम फोडलात. तुम्हाला एक नोंदवही जड नाही. येत्या ग्रामसभेत ठराव करा: प्रत्येक मूर्तीचा चारी बाजूंनी फोटो, मोजमाप, तारीख, एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलदारांकडे. वहीच्या मुखपृष्ठावर ‘सौजन्य’ म्हणून कोणाचे नाव घालायचे, यावरून भांडण होईल. खुशाल होऊ द्या, पण आधी वही भरा.