सनदेची मात्रा

यकृताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या इसमास इहलोकी आणखी काही महिने मुक्कामाची मुभा देणाऱ्या ‘नेक्साव्हर’च्या महिनाभराच्या १२० गोळ्यांस बायर कंपनी, एकस्वाच्या सनदेवर बोट ठेवून, सुमारे २,८०,००० रुपये मागत असे, संशोधन फार खर्चाचे असते, हे आम्हां अडाण्यांस त्यामुळेच कळले. २०१२ च्या मार्चमध्ये एकस्व नियंत्रकांनी सक्तीच्या परवान्याचा हुकूम काढून तीच मात्रा ८,८८० रुपयांत विकण्याची मोकळीक नॅटको या औषध कंपनीला दिली. बौद्धिक संपदेची केवढी ही विटंबना! यकृतास (बिचारे निरक्षर!) सनद वाचता येत नसल्याने दोन गोळ्यांतला भेद कधी उमगला नाही. बायरने दाद मागितली. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. नॅटकोच्या विक्रीवर सात टक्के स्वामित्वधन मात्र बायरला ठरवून दिलेले होते.