तरतरी वजा चहा : आस्वादाची शास्त्रोक्त पद्धत

डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढून घेतलेला, चहा चाखायला बसण्यापूर्वी जीभ स्वच्छ असावी, मन शांत असावं आणि शेजारच्या शेगडीवर दुसरं कुणी आलं ठेचून खरा चहा उकळत नसावं. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. पहिल्या दोन मोडल्या तर चव बिघडते. तिसरी मोडली तर निर्धारच मोडतो.

इतक्या शिस्तीची गरज डीकॅफवाल्यालाच का, असा प्रश्न येईल. सकाळचा पहिला चहा माणूस चवीसाठी पितो, हा एक लाडका गैरसमज आहे. तो डोळे उघडावेत म्हणून पितो. चहा पाणचट असो, दोनदा गरम केलेला असो, वर साय धरलेली असो. कप हातात आला की तक्रार मिटते. डीकॅफ पिणाऱ्याला ही पळवाट नाही. त्याच्या कपात चव नसेल तर काहीच नाही. चहाचा खरा रसिक म्हणायचा तर तोच, आणि नेमकी त्याचीच घरीदारी टिंगल होते.

आता थोडी थिअरी, कारण टिंगल करणाऱ्याला गप्प करायला ती लागते.

चहाच्या सुक्या पानात वजनाच्या साधारण दोन ते चार टक्के कॅफीन असतं. ते पहिल्यांदा वेगळं केलं फ्रीडलीब रुंगे या जर्मन तरुणाने, १८१९ च्या सुमारास. बेलाडोनाच्या अर्काने डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, हे महाकवी गटेला दाखवण्यासाठी हा गडी मांजर काखेत घेऊन येना शहरातून चालत गेला होता. गटे खूश झाला आणि त्याने रुंगेच्या हातावर कॉफीच्या बिया ठेवल्या : यात काय दडलंय ते शोध. पुढे चहातून निघालेल्या द्रव्याला लोक काही वर्षं ‘थेईन’ म्हणत राहिले. १८३८ मध्ये दोन्ही एकच असल्याचं सिद्ध झालं. तेव्हा ‘चहात कॅफीन नसतंच मुळी, थेईन असतं’ असं ठामपणे सांगणारे काका भेटले, तर ते जवळजवळ दोनशे वर्षं मागे आहेत हे ओळखून विषय बदलावा.

कॅफीन शोधलं त्याच देशाने ते काढून टाकायचा धंदाही उभा केला. ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने १९०६ मध्ये ‘काफे हाग’ ही कंपनी काढली आणि बिनकॅफीनची कॉफी विकायला सुरुवात केली. कॅफीन बाहेर ओढायला तो बेंझीन वापरी. बेंझीनने कर्करोग होतो हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. त्या काळी ती कॉफी प्रकृतीला मानवणारी म्हणून विकली जात होती.

आज चहासाठी मुख्य वाटा तीन. पान वाफेने ओलसर करायचं आणि मिथिलीन क्लोराइडने किंवा इथाइल ॲसिटेटने त्यातलं कॅफीन धुऊन काढायचं, या पहिल्या दोन. मिथिलीन क्लोराइड चाळीस अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे नंतर त्याला उडवून लावणं सोपं जातं. इथाइल ॲसिटेट पिकलेल्या फळांतही असतं. तेवढ्या नात्यावर पाकिटावर ‘नॅचरली डीकॅफिनेटेड’ असं छापता येतं, आणि आत फळबाग असल्यासारखं गिऱ्हाइकाला वाटतं. तिसरी वाट कार्बन डायऑक्साइडची. ३१ अंशांच्या वर तापमान आणि ७३ वातावरणांहून जास्त दाब दिला की हा वायू धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. त्या अवस्थेत तो पानात वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखं कॅफीन विरघळवून नेतो. स्वादाला मात्र तुलनेने कमी हात लावतो. ही युक्ती कुर्ट झोझेलची, म्यूलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत १९६० च्या दशकात सापडलेली. पाकिटावर ‘सीओटू’ लिहिलेलं दिसलं तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

यात चहावर एक अन्याय होतो, आणि तो कुणी बोलून दाखवत नाही. कॉफीचं कॅफीन कच्च्या हिरव्या बियांतून काढतात. बी भाजली जाते त्यानंतर, आणि कॉफीचा बराचसा वास भाजतानाच तयार होतो. चहाचं तसं नाही. पान कोमेजवून, चुरडून, आंबवून, सुकवून झालेलं असतं, वास-रंग-चव सगळं त्यात उतरलेलं असतं, आणि मग त्याला ही आंघोळ घालतात. शृंगार करून दारात उभ्या राहिलेल्या नवरीवर पाण्याची बादली ओतावी, तशातला प्रकार. डीकॅफ चहा कधी कधी फिका लागतो त्याचं हे मोठं कारण. करणाऱ्याच्या हाताला उगाच बोल लावू नये.

पाकीट कुठे मिळतं? भारतात वाण्याकडे मागितलं तर तो ग्रीन टी पुढे करतो, आणि ग्रीन टीत कॅफीन असतं. हा चहा खरा नांदतो इंग्लंडात. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात टेटली, पीजी टिप्स, यॉर्कशायर टी यांच्या नेहमीच्या खोक्यांशेजारी डीकॅफची खोकी मांडलेली असतात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईबाबांची या चहाशी पहिली गाठ पडते ती तिथेच. रात्री जेवणानंतर सून कप पुढे ठेवते आणि संवाद साधारण असा होतो :

“अगं, हा चहा लागत का नाहीये?”

“बाबा, डीकॅफ आहे तो. त्यातलं कॅफीन काढून घेतलंय. रात्री झोप लागावी म्हणून.”

“काढून घेतलंय? मग स्वस्त असेल.”

“नाही, थोडा महागच असतो.”

यावर सासरे जे गप्प होतात ते झोपेपर्यंत. त्यांना पुढचं सांगू नये हे बरं. काढलेलं कॅफीन कारखाना फेकून देत नाही. ती पांढरी भुकटी शुद्ध करून थंड पेयं आणि औषधं बनवणाऱ्यांना विकली जाते. म्हणजे काढण्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून आणि काढलेल्याचे पैसे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून. पुण्यातल्या कुठल्याही हिशेबी माणसाने या धंद्यापुढे आदराने टोपी काढावी.

साहित्याच्या बाबतीत मनाचे खेळ चालणार नाहीत. चहा चाखायची पद्धत ठरवणारं रीतसर आंतरराष्ट्रीय मानक आहे : आयएसओ ३१०३, साल १९८०. भांडं पांढऱ्या चिनी मातीचं किंवा झिलई दिलेलं, काठाला दाते असलेलं, झाकण सैल बसणारं. मोठं भांडं जास्तीत जास्त ३१० मिलिलिटरचं, लहान १५०. दर १०० मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती. ताजं उकळलेलं पाणी काठाखाली चार ते सहा मिलिमीटरपर्यंत ओतायचं आणि सहा मिनिटं हात जोडून बसायचं. दूध घालायचंच तर मोठ्या वाडग्याला पाच मिलिलिटर, तेही आधी दूध आणि मग चहा. ब्रिटिश मानक संस्थेने हेच सहा पानांत बीएस ६००८ म्हणून छापलं, आणि १९९९ मध्ये त्याबद्दल तिला साहित्याचं इग नोबेल मिळालं. पारितोषिक थट्टेचं असलं तरी सहा मिनिटं हसण्यावारी नेऊ नयेत. डीकॅफची पिशवी गरम पाण्यात दोनदा बुचकळून काढणारे नंतर ‘याला चवच नाही’ म्हणतात, तेव्हा त्यांच्याकडे करुणेने पाहावं.

आता प्रत्यक्ष चाखणं.

प्रथम ओला चोथा झाकणावर उपडा करून बघावा. व्यावसायिक टी-टेस्टर सुकं पान, ओलं पान आणि अर्क, तिन्ही तपासतात. ओलं पान तांब्याच्या रंगाचं, उजळ दिसलं तर उत्तम. काळपट, मेलेलं दिसलं तर पुढच्या अपेक्षा कमी कराव्यात. पिशवीतली पत्ती बहुधा सीटीसीची, म्हणजे दातेरी रुळांतून चुरडून बारीक दाणे केलेली असते. हे यंत्र आसामात १९३० च्या सुमारास विल्यम मॅककर्चर यांनी बसवलं. त्या दाण्यांत निरखण्यासारखं फार नसतं. तरीही निरखावं, समोर पाहुणे असतील तर चष्मा कपाळावर चढवून निरखावं.

मग घोट. तो चमच्यातून घ्यायचा आणि मोठा आवाज करत ओढायचा, म्हणजे हवेबरोबर चहा तोंडभर उडतो आणि वास घशामागून नाकात चढतो. जगातले सगळे टी-टेस्टर असंच करतात आणि त्याचे पगार घेतात. बशीत ओतून फुर्रकन पिणाऱ्या आजोबांना घराने जन्मभर ‘आवाज करू नका’ म्हणून टोकलं. त्यांची माफी मागायची असेल तर हीच वेळ. टेस्टर तो घोट नंतर पिकदाणीत थुंकतो. घरी हा भाग गाळावा, विशेषतः चहा यजमानांनी केलेला असेल तेव्हा.

जिभेवर काय शोधायचं? टेस्टरांच्या भाषेत चांगला आसाम ‘ब्रिस्क’ असतो, म्हणजे हिरड्यांना चिमटा काढून जिभेला जागं करतो. त्या चिमट्यात कॅफीनचाही वाटा असतो. चहाचा लालसर-सोनेरी रंग देणारी थिअफ्लेविन नावाची द्रव्यं आणि कॅफीन एकमेकांना धरून बसतात, आणि तुरटपणाला धार येते. कॅफीन गेलं की कडवटपणा उतरतो आणि धार बोथट होते. टेस्टर अशा चहाला ‘सॉफ्ट’ किंवा ‘फ्लॅट’ म्हणेल. डीकॅफवाल्याने पहिला शब्द घ्यावा, दुसरा ऐकू आला नाही असं करावं. माल्टचा गोडसर वास, भाजल्याचा मंद सूर आणि पोत बऱ्यापैकी टिकून असतात. तिथेच लक्ष द्यावं.

ज्यांचा जिभेवर विश्वास नाही, त्यांच्यासाठी एक प्रयोग आहे. नेहमीचा आसाम आणि डीकॅफ आसाम, दोन्ही सारखेच कडक, बिनदुधाचे करून काचेच्या दोन ग्लासांत ओतावे आणि थंड होऊ द्यावे. नेहमीचा चहा निवता निवता गढूळ होतो. ग्लासात तळापासून दुधी तपकिरी ढग चढतो, पलीकडचं बोट दिसेनासं होतं. याला ‘क्रीम’ येणं म्हणतात आणि जाणकार ते कसदार चहाचं लक्षण मानतात. कॅफीन आणि थिअफ्लेविन यांची जी जोडी जमते, तीच गारव्याने पाण्यात तरंगू लागते. डीकॅफच्या ग्लासात हा ढग बराच विरळ पडतो. म्हणजे काय काढून घेतलं ते चक्क डोळ्यांना दिसतं. फ्रिजच्या दारात तासभर उभं राहून पाहण्याइतकं हे सुंदर आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. घरातल्यांचं वेगळं असू शकतं.

घरच्या घरी डीकॅफ करण्याचा एक नुस्खा फिरत असतो : पत्तीवर उकळतं पाणी ओता, तीस सेकंदांनी फेकून द्या, बहुतेक कॅफीन गेलं. जात नाही. तीस सेकंदांत त्यातलं थोडंच सुटतं. वास मात्र मोरीत जातो.

आलं, वेलची, गवती चहा यांना शास्त्रात स्थान नाही. पण पातेल्यात आहे. आल्याचा ठसका स्वतःचा असतो, त्याला कॅफीनची गरज नाही. म्हणून डीकॅफची पत्ती आल्याबरोबर दुधात उकळली तर फसवणूक जवळजवळ पूर्ण होते. एवढंच की पुण्यातल्या एखाद्या अमृततुल्यात उभं राहून डीकॅफची चौकशी करू नये. पितळी पातेल्यात डाव फिरवणारा माणूस काही बोलणार नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून जे हसेल ते लागेल.

वेळेचा हिशेब सोपा आहे. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला निरोगी प्रौढाला साधारण पाच तास लागतात; गरोदरपणात बरेच जास्त. ब्रिटनची आरोग्यसेवा एका मग चहात ७५ मिलिग्रॅम कॅफीन धरते आणि गरोदर बाईने दिवसाला २०० च्या आत राहावं असं सांगते. संध्याकाळी सहाला मगभर चहा घेतला तर रात्री अकराला जवळजवळ निम्मा मग अजून अंगात फिरत असतो. डीकॅफच्या कपातही थोडे मिलिग्रॅम उरतात, शून्य नसतात. ‘मला त्यानेसुद्धा झोप लागत नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. तो बहुतेक मोबाइलबद्दल बोलत असतो.

एका झटक्यात डीकॅफकडे वळू पाहणाऱ्यांना शेवटची सूचना. नेहमीचा चहा तोडल्यावर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि दुखणं नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतं. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की कॉफी सोडलेल्यांना ‘ही डीकॅफ आहे’ असं स्पष्ट सांगून दिली तरी त्यांचा त्रास काही प्रमाणात उतरला. तेव्हा नुसता गरम कप हातात असणंही कामाला येतं. तरी मुरलेल्या चहाबाजाने सवय हळूहळू मोडावी : नेहमीच्या पत्तीत पाव भाग डीकॅफ, मग अर्धा, मग पाऊण. डबे दोन ठेवावेत, त्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवाव्यात, आणि सकाळी सातला बिनचष्म्याने डबा उघडणाऱ्या माणसाचा नेहमीचा डबा पुढच्याच फळीवर असू द्यावा.